काळीवरचं घर

आमच्या घराच्या मधल्या भिंतीवर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून थेट स्लॅबपर्यंत एक तिरपी भेग होती. ती बुजवण्यात आम्ही दोन वर्षांत ४९,५०० रुपये घातले आणि भेग तिथंच राहिली. आता ती मिटली आहे. कशी मिटली आणि पैसा कुठं लागला हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या रस्त्यावरच्या अकरा नव्या घरांपैकी सात घरांत अशाच भेगा आहेत. दर दिवाळीला लोक त्यावर पुट्टी मारतात आणि दर उन्हाळ्यात ती पुट्टी फाटते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. सगळी भारी काळी जमीन, कापूस आणि तूर. मी अंगणवाडी सेविका आहे, घरचे शेती पाहतात. जुनं घर गावठाणात आहे, मातीच्या दोन हात जाड भिंती आणि वर कवेलू. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला घर बांधलं. २०१६ च्या दसऱ्याला वास्तू केली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मात्र आले नाहीत, आजही जुन्या घरातच राहतात. तेव्हा ते एकच बोलले होते, "सूनबाई, घर पांढरीवर बांधा लागते. काळी उन्हाळ्यात तोंड फाडते अन् पावसाळ्यात फुगते. तिच्यावर पऱ्हाटी उभी राह्यते, भित नाई."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन, हे शब्द आपल्याकडे लहान लेकरालाही माहीत असतात. पण हा घरखर्चाचा विषय आहे, हे मला सात वर्षांनी कळलं. पूर्वीच्या लोकांनी गाव बसवताना मातीसुद्धा पाहिली होती. आता गावठाणात जागा उरली नाही, म्हणून आपण शेतात घरं बांधतो, आणि पाया मात्र असा घालतो जणू खाली पांढरीच आहे.

बांधताना ठेकेदारानं कॉलमचे खड्डे साडेतीन-चार फूट खणले, खाली गिट्टी टाकली आणि काम सुरू केलं. आम्ही काही विचारलं नाही. शेजारच्या शेतातल्या विहिरीत डोकावलं असतं तरी दिसलं असतं: वरून साडेसहा-सात फूट काळी माती, त्याखाली पिवळा मुरूम, मग दगड. म्हणजे आमचं घर मुरुमापर्यंत पोचलंच नाही, काळ्या मातीतच अडकून उभं राहिलं. आजही कोणी बांधायला काढलं की मी त्यांना एवढंच सांगते, आधी प्लॉटवर एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणून पाहा. एका दिवसाच्या मजुरीचा खर्च आहे. मुरूम हाताला लागत असेल तर पाया तिथं टेकवा. फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, पाया घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशाच मातीसाठी खालून फुगीर टोकाचे पाइल विकसित केले आहेत, आणि खोल काळ्या मातीत ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण ओलावा-वाळवणीचा खेळ तिथपर्यंत चालतो.

पहिली भेग २०१८ च्या उन्हाळ्यात दिसली, केसाएवढी. २०२१ मध्ये नणंदेचं लग्न घरून करायचं ठरलं, तेव्हा तिच्यात नख जात होतं. पेंटर म्हणाला, भेग कापून पुट्टी भरतो, दोन हात रंग मारतो, दिसणारसुद्धा नाही. दोन खोल्या आणि हॉल मिळून ३१,००० रुपये झाले. लग्नात खरंच दिसली नाही. मग २०२२ च्या जुलैत आपल्याकडे जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतर पुट्टीचा पट्टा भिंतीतून फुगून बाहेर आला. एका रात्री आवाज झाला आणि सकाळी हॉलमध्ये फरशीवर पापुद्रे पडलेले होते. पुढच्या उन्हाळ्याची वाटही पाहावी लागली नाही, हिवाळ्यातच त्याच जागी पुन्हा भेग.

२०२३ च्या जानेवारीत एक माणूस गावात भेगा आणि गळती बंद करून देतो म्हणत फिरत होता. त्यानं भेगेत नळ्या बसवल्या, पातळ केमिकल सोडलं, वरून जाळी लावून पट्टा ओढला. दहा वर्षांची गॅरंटी म्हणाला. १८,५०० रुपये घेतले, अर्धे रोख आणि अर्धे मोबाईलवरून. बिल मागितलं तेव्हा "ताई, बिल केलं तर जीएसटी लागेल, तुम्हालाच महाग पडेल" असं म्हणाला आणि मी गप्प बसले. मे महिन्यात त्या पट्ट्याच्या बोटभर बाजूला नवी भेग पडली. केमिकल घट्ट होतं, म्हणून भिंत शेजारी फाटली. त्याचा फोन दोनदा लागला, नंतर लागेनासा झाला.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. पलीकडच्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? माझ्याकडे मोबाईलच्या पैशांची नोंद होती, पण काम कशाचं, गॅरंटी किती, पत्ता काय, यातलं काहीच कागदावर नव्हतं. पुढे कळलं की पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझी दोन वर्षं माणूस शोधण्यातच गेली. म्हणून कळकळीनं सांगते, जीएसटीचे पैसे वाचवण्यासाठी बिल सोडू नका. बिल नको म्हणणारा माणूस त्याच वेळी गॅरंटीही काढून घेत असतो. साध्या वहीच्या पानावर का होईना, काम, रक्कम, मुदत आणि त्याची सही असू द्या.

त्याच मे महिन्यात आमचा भाचा सुट्टीत आला. नागपूरला सिव्हिल इंजिनिअर आहे. मी त्याला भेग दाखवली आणि कोणतं केमिकल चांगलं ते विचारलं. तो भिंतीपाशी गेलाच नाही. घराभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली, आणि विचारलं, "मामी, ही भेग पावसाळ्यात लहान होते का?"

मी जरा थांबले. खरं तर होत होती. पावसाळ्यात तिच्यात नख जात नव्हतं आणि मागच्या खोलीचं दार घासायचं. उन्हाळ्यात दार मोकळं व्हायचं आणि भेग उघडायची. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, पण दोन्ही गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

मग त्यानं एक प्रयोग केला, तो मला फार पटला. कोपऱ्यावरची काळी माती उन्हात वाळवली, खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळणीनं चाळली. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत दोन-दोन चमचे माती. एकात पाणी ओतलं, दुसऱ्यात स्टोव्हसाठी ठेवलेलं जुनं रॉकेल. मामाजींच्या अंगणातली पांढरी माती आणून तिचेही असेच दोन ग्लास केले. चारही ग्लास नीट ढवळून रात्रभर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले. सकाळी रॉकेलातली काळी माती तळाशी दोन बोटं होती आणि पाण्यातली साडेतीन बोटं. पांढरीच्या दोन ग्लासांत जेमतेम फरक होता. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते, तेवढाच काय तो हिशोब. प्रयोगशाळेत हीच चाचणी मोजपट्टीच्या नळ्यांत करतात. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी धरून फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत आपला हात कोपरापर्यंत जातो तो त्यामुळेच. घराखालची मातीही तेच करते, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

"सगळं घर सारखं वर-खाली झालं असतं तर भिंत फाटली नसती," भाचा म्हणाला. "तुमचा एक कोपरा वर्षभर ओला राहतो आणि समोरचा वाळतो. भिंत मधे ओढली जाते."

ओला कोपरा शोधायला वेळ लागला नाही. ईशान्येला न्हाणी आणि संडास आहे, आणि न्हाणीचं पाणी जिरवायला आम्ही भिंतीपासून पाच फुटांवर शोषखड्डा केला होता. गावात सगळ्यांनी केले होते, आम्हीही केला. पण काळ्या मातीत पाणी जिरतच नाही म्हटलं तरी चालेल. भाच्यानं खड्ड्याशेजारी हातभर खोल दुसरा लहान खड्डा खणून त्यात सकाळी एक बादली ओतली. संध्याकाळी त्यात अर्ध्याहून जास्त पाणी तसंच होतं. म्हणजे आमच्या सगळ्या अंघोळींचं पाणी सात वर्षं त्या कोपऱ्यातल्या कॉलमखाली मुरत बसलं होतं. स्लॅबच्या दोन्ही पाइपांचं पाणीही भिंतीच्या पायथ्याशीच पडायचं.

वाळणारा कोपरा नैर्ऋत्येचा. तिथं कडुनिंब आहे. लेकीच्या जन्माच्या वर्षी मी तो लावला, भिंतीपासून सहा फुटांवर. आता तो स्लॅबच्या वर गेला आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात झाड पाणी शोधणारच, आणि ते घराखालूनच ओढत होतं. घराजवळ झाड लावताना ते मोठं होऊन जितकं उंच होईल साधारण तितकं अंतर सोडावं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. कडुनिंब तोडायचा का, यावर आमच्या घरात दोन रात्री बोलणं झालं. लेक रडली. भाच्यानंच सोडवलं. म्हणाला, एकदम तोडला तर उलट जी माती झाडानं वाळवून ठेवली होती ती पाणी धरून फुगेल आणि तो कोपरा वर उचलेल. झाड ठेवा, फांद्या दरवर्षी हलक्या करा, आणि झाड व घर यांच्यामधे चार फूट खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिक उभं लावा, म्हणजे मुळं घराकडं वळणार नाहीत. चर खणायला आणि प्लास्टिकला १,५०० रुपये लागले. झाड उभं आहे.

पण लगेच काही करायचं नाही, आधी एक पावसाळा पाहायचा, असं त्यानं बजावलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू भिंतीत बसवला आणि दोन स्क्रूंच्या डोक्यांमधलं अंतर मोजायला सांगितलं. भेगेवर आडवी एक आरशाची पातळ काच सिमेंटनं चिकटवली. काच तडकली की समजायचं भिंत अजून हलते आहे. शेजारी पेन्सिलनं तारीख. वजन-उंचीच्या नोंदी ठेवणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे ही नोंद मी दर पंधरा दिवसांनी लेकीच्या कंपास पेटीतल्या पट्टीनं घेत गेले. मे २०२३ मध्ये अंतर ११२ मिलिमीटर होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काच तडकली. ऑगस्टअखेर अंतर १०८. चार मिलिमीटर भिंत हलत होती आणि तिच्यात मी पुट्टी भरत होते.

दरम्यान मी तिघांकडून कामाचा अंदाज घेतला होता. एकानं भिंत पाडून नवी बांधायला सांगितली. दुसऱ्यानं कॉलमला बाहेरून जाड कवच घालायचे दीड लाख सांगितले. तिसरा म्हणाला, फक्त रंग मारा, एवढं तर सगळ्यांकडं असतं. मी घाबरले, आणि तालुक्याच्या एका इंजिनिअरला २,००० रुपये देऊन घर दाखवलं. त्यांनी कॉलम आणि बीम ठोकून पाहिले, कुठं सळईला गंज चढून काँक्रीट फुगलं आहे का ते पाहिलं. कॉलमला काही नव्हतं, फक्त विटांची भिंत फाटली होती. त्या दोन हजारांत दीड लाख वाचले. कॉलमवर किंवा बीमवर भेग असेल, सळई दिसत असेल, तर मात्र वाट पाहत बसू नये, लगेच दाखवावं. आणि स्लॅबच्या अगदी खाली आडवी, सरळ रेघेसारखी भेग असेल तर तो बहुतेक वेळा उन्हानं स्लॅब ताणला जाण्याचा प्रकार असतो, त्याचा जमिनीशी संबंध नाही. तशी एक आमच्याकडेही होती, स्लॅबवर दर मार्चमध्ये चुना मारायला लागल्यापासून ती वाढलेली नाही.

काम दिवाळीनंतर काढलं. मिस्त्री काका गावातलेच, साठी ओलांडलेले. त्यांचंही म्हणणं भाच्याशी जुळलं: "बाई, पह्यले भवतालचं पानी बंद करा, मंग भितीकडं पाहू." वेळही त्यांनीच सांगितली. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते, तेव्हा घराभोवती काँक्रीट टाकलं तर पावसाळ्यात कडेची माती फुगून ते उचलते. भर पावसाळ्यात तर कामच होत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात माती मधल्या अवस्थेत असते.

पहिलं काम न्हाणीच्या पाण्याचं. शोषखड्डा रिकामा करून मुरुमानं बुजवला आणि चार इंची पाइप टाकून पाणी चाळीस फुटांवरच्या परसबागेत नेलं, मधे साफसफाईला एक छोटं चेंबर. हा पाइप खणताना जे निघालं ते पाहून मला वाईट वाटलं. न्हाणीतून बाहेर पडणारा जुना पाइप भिंतीच्या बाहेर वीतभर अंतरावर सांध्यातून निसटलेला होता. घर हललं तसा तो निसटला, आणि तो निसटला म्हणून घर आणखी हललं. किती वर्षं ते चाललं असेल सांगता येत नाही. तुमच्या घरी एकाच कोपऱ्यात गवत उन्हाळ्यातही हिरवं राहत असेल, तर तिथला पाइप उघडून पाहा. पाइप आणि चेंबरचे ७,८०० रुपये झाले. स्लॅबचे पाइप खालून वाढवून दूर सोडायला २,४००.

मोठं काम घराभोवतीच्या पट्ट्याचं. घर ३० बाय ३६ फूट, चारही बाजूंनी तीन फूट रुंद पट्टा. आधी सोळा इंच काळी माती खणून काढली आणि बैलगाडीनं शेतात नेऊन टाकली. तीच परत भरायची नाही, यावर मिस्त्री काका ठाम होते. खड्ड्यात एक फूट मुरूम, तोही एकदम नाही. चार-चार इंचांचा थर, पाणी मारून धुमसानं कुटायचा, मग पुढचा. वर जाड प्लास्टिक आणि त्यावर चार इंच काँक्रीट. भिंतीकडून बाहेरच्या कडेपर्यंत दोन इंच उतार. पट्टा भिंतीला चिकटवायचा नाही, मधे बोटभर फट सोडून ती डांबरानं भरायची, नाहीतर पट्टा हलला की भिंत ओढेल. आणि दर पाच-सहा फुटांवर सांधा सोडायचा.

मुरूम आणताना एक गोष्ट झाली. ट्रॅक्टरवाला एका ट्रॉलीला एक ब्रासचे १,२०० रुपये सांगत होता. आपल्याकडे रेती, गिट्टी, मुरूम सगळं ब्रासनं विकतात, पण ब्रास म्हणजे १०० घनफूट हे घेणारा क्वचित मोजून पाहतो. मी टेप काढला. ट्रॉली आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि मुरूम सपाट केल्यावर उंची सव्वा फूट. गुणाकार ७५. म्हणजे पाऊण ब्रास. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, सगळे एवढंच घेतात." मी म्हटलं, दादा, भाव तुमचाच ठेवा, पण मोजून पैसे देईन. त्यानं पाच मिनिटं विचार केला आणि मानलं. सात ट्रॉल्यांचे ८,४०० ऐवजी ६,३०० झाले. भांडण झालं नाही, तो आजही आमच्याकडे येतो. टेप ट्रॉली रिकामी होण्याआधी काढायचा, एवढं लक्षात ठेवायचं.

सिमेंट २७ पोती लागलं. दुकानात पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचून घेतलं. पुढच्या बाजूची पोती ताजी होती, मागच्या थप्पीतली चार महिन्यांची निघाली, ती परत केली. सिमेंट ठेवून ठेवून त्याची ताकद जाते आणि आपल्या दमट पावसाळ्यात आणखी लवकर जाते. काँक्रीट झाल्यावर दहा दिवस त्यावर ओला बारदाना टाकून ठेवला, सकाळ-संध्याकाळ पाणी. या पाण्यावर मजूर ठेवायला पैसे नको म्हणून लोक हे टाळतात. मी आणि लेकीनं मिळून केलं. पट्ट्याचा हिशोब वहीत असा आहे: मुरूम ६,३००, सिमेंट ९,७२०, गिट्टी आणि रेती ९,०००, प्लास्टिक-डांबर २,६००, मजुरी १५,०००. पाइप, चेंबर आणि कडुनिंबाचा चर धरून एकूण ५४,३२० रुपये. आधी पुट्टी आणि केमिकलमध्ये घातलेल्या पैशांत हे जवळपास सगळं झालं असतं.

ज्यांच्याकडे एकदम एवढे पैसे नाहीत त्यांनी निदान स्लॅबचं पाणी भिंतीपासून दूर न्यावं आणि न्हाणीचा पाइप तपासावा. आमच्या मागच्या घरच्या काकूंनी एवढंच केलं, पट्ट्याऐवजी भोवती मुरूम टाकून उतार दिला. त्यांची भेग मिटली नाही, पण वाढायची थांबली. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असेल तर तोही हलवावा. मला माझी शेवंती आणि केळी हलवताना जीवावर आलं, पण परसबागेत न्हाणीच्या पाण्यावर केळी आता जास्त चांगली येतात.

भेग मी अजून भरली नव्हती. नोंदी चालू ठेवल्या. २०२४ च्या मे आणि ऑगस्टमधला फरक दीड मिलिमीटर निघाला. मी जुनी काच काढून नवी लावली. २०२५ मध्ये फरक एक मिलिमीटरच्याही आत होता, पट्टीवर नीट वाचता येत नव्हता. मागच्या खोलीचं दार दोन पावसाळे घासलं नाही. तेव्हा २०२५ च्या दिवाळीनंतर मिस्त्री काकांना बोलावलं. सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला होता, त्याचा थोडा फायदा मिळाला. त्यांनी जुना केमिकलचा पट्टा पूर्ण काढला, भेगेच्या दोन्ही बाजूंनी वीतभर प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं, भेग आत निमुळती कापून ओली करून भरली, वर तारेची जाळी ठोकून मग प्लास्टर, आणि काच परत तिथंच चिकटवली. ६,५०० रुपये, बिलासकट. बिलावर मी कामाची तारीख आणि जागा लिहून घेतली.

रंगाला पेंटर आला तेव्हा त्यानं विचारलं, खिडकीच्या वर ही काच कशाला ठेवली, काढून टाकू का? त्यावर ती लावल्याची २०२४ मधली तारीख होती. मी त्याला काचेच्या भोवतीनं रंग मारायला सांगितला. मामाजी मागच्या आठवड्यात घरी आले होते, तेव्हा त्यांनी खुर्चीवर उभं राहून ती काच बोटानं चाचपून पाहिली. मग बाहेर जाऊन पट्ट्यावर बसले आणि कडुनिंबाच्या सावलीत चहा प्यायले.